गोजुबावीचा विमानतळ

खुरपणी चालू असते. डोक्यावरून घरघर आवाज येतो. बाया मान वर करून बघतात. एक लहानसे विमान, दोघांचौघांपुरते, वळण घेऊन जाते. थोड्या वेळाने तेच विमान पुन्हा येते. पुन्हा तेच वळण. दुपारपर्यंत अशा किती फेऱ्या होतात याची गणती नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका आजींनी विचारले, "त्या इमानाला वाट घावंना का वो? सारखं आपलं एकाच जागी फिरतंय!" वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण उत्तर काही नीट देता येईना. तेव्हा एका रविवारी वर्गातली आठ-दहा मंडळी घेऊन आम्ही बारामतीहून गोजुबावीकडे गेलो. तळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून जे दिसले, आणि नंतर विचारून-वाचून जे कळले, ते या पाठात सांगतो.

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा तळ येतो. काचेची मोठी इमारत, बॅगा घेऊन धावणारी माणसे. बारामतीला तसला थाट नाही. मोकळे माळरान, आणि त्यातून गेलेली एक लांबलचक, रुंद, सरळ डांबरी पट्टी. हिला धावपट्टी म्हणतात. बाजूला थोड्या इमारती, विमाने ठेवायच्या शेड, आणि भोवती कुंपण.

आमच्यातले एकजण म्हणाले, "एवढा रस्ता आमच्या वस्तीला दिला असता तर!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ही पट्टी रस्त्यासारखी दिसली तरी रस्ता नव्हे.

विमान जागच्या जागी उडत नाही. इंदापूर तालुक्यात कुंभारगावला, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात. तो मोठा पक्षी उठताना कधी नीट पाहा. तो चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही. पाण्यावर टपाटप पावले टाकत धावतो, आणि मग वर उचलला जातो. विमानाचेही तसेच आहे. जोरात धावले की पंखांवरून वारा जोरात वाहतो, आणि तो वाराच विमानाला उचलतो. उतरतानाही तेच, फक्त उलट. टेकल्यावर वेग जिरवायला लांब जागा लागते.

आणि धावायचे ते वाऱ्याच्या तोंडावर. पोरगे पतंग उडवते तेव्हा कुठल्या अंगाला धावते? वारा जिकडून येतो तिकडे. त्याला कुणी शाळेत शिकवलेले नसते. आपण खळ्यात उफणायला उभे राहतो तेव्हा आधी मूठभर भुसा सोडून वारा बघतो. वैमानिकालाही वारा बघावा लागतो. त्यासाठी तळावर एका खांबाला कापडाची लांब, दोन्ही तोंडांना उघडी पिशवी बांधलेली असते. वारा आला की ती फुगते आणि आडवी होते. तिचे निमुळते टोक जिकडे, तिकडे वारा चालला. मोठे तोंड जिकडे, तिकडून वारा आला. वर उडणाऱ्याला ती दुरून दिसते.

धावपट्टीच्या दोन टोकांना मोठे आकडे लिहिलेले असतात. बारामतीच्या पट्टीचे आकडे 11 आणि 29. आकडे ओळखू लागलेल्या वाचकांसाठी ही गंमतच आहे. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. तेथून उजव्या हाताने वळत पुरी गिरकी घेतली तर तिचे 360 भाग धरतात. पूर्व आली की 90 झाले, दक्षिणेला 180, पश्चिमेला 270. आता 11 वर एक शून्य द्या. झाले 110. म्हणजे 11 आकड्याच्या टोकावरून विमान निघाले की त्याचे तोंड पूर्वेच्या थोडे पुढे, दक्षिणेकडे कललेले असते. 29 वर शून्य द्या. 290. म्हणजे पश्चिमेच्या थोडे पुढे, उत्तरेकडे. पट्टी एकच, पण दोन अंगांनी वापरता येते. 29 मधून 11 वजा करा. 18 राहतात. कोणत्याही धावपट्टीचे दोन आकडे घ्या, वजाबाकी 18 च येईल, कारण दोन टोके एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असतात. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. मग तेव्हा विमान कोणत्या टोकावरून धावेल? उत्तर वहीत लिहा.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. ते विमान वाट चुकलेले नसते. या तळावर वैमानिक तयार करणाऱ्या खासगी शाळा निघाल्या. आपण पाटीवर एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवतो ना, तसे ती पोरे-पोरी उडणे आणि उतरणे गिरवतात. पट्टीवरून उठायचे, एक चौकोनी फेरा घ्यायचा, पट्टीवर टेकायचे, की पुन्हा उठायचे. पगारी वैमानिकाचा परवाना मिळवायचा तर आपल्या देशात 200 तासांचे उड्डाण पदरी लागते. 200 तास! म्हणून ती घरघर. उडणे त्यातल्या त्यात सोपे, अवघड ते उतरणे, असे ही मंडळी सांगतात.

इंदापूरकरांना येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कळंबजवळचे वालचंदनगर सर्वांना ठाऊक आहे. ते ज्यांच्या नावाने वसले, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीच 1940 साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. त्याचे नाव हिंदुस्थान एअरक्राफ्ट. पुढे तो सरकारकडे गेला, आणि आज आपल्या हवाई दलाची विमाने बांधणारी मोठी सरकारी कंपनी त्यातूनच वाढली आहे. ऊस आणि विमान यांचे नाते आपल्या भागात असे जुने आहे.

बारामतीचा तळ एमआयडीसीने, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधला. या भागात औद्योगिक वसाहत झाली, कारखाने आले. कारखान्याचे मालक आणि मोठे अधिकारी यांना मुंबईहून झटकन येता-जाता यावे, हा त्यातला एक हेतू. त्यासाठी शेकडो एकर जमीन लागली. माळ झाला म्हणून काय, तोही कुणाच्या तरी नावावरच असतो.

या ठिकाणी वर्गातले एक आजोबा बोलले ते आम्ही तसेच लिहितो. "आमच्या पाव्हण्यांची जमीन एका वसाहतीत गेली. नोटीस आली. ह्यांनी अंगठा दिला. कशाला दिला ते पुढं सहा महिन्यांनी कळलं." कोणती वसाहत, कोणते साल, ते महत्त्वाचे नाही. अंगठा महत्त्वाचा आहे. एमआयडीसीसाठी जमीन घेतात ती 1961 च्या कायद्याने. त्या कायद्यातच लिहिले आहे की मालकाला आधी नोटीस द्यायची, ही जमीन का घेऊ नये असे त्याला विचारायचे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे. म्हणजे नोटीस हा हुकूम नसतो, तो प्रश्न असतो. प्रश्नाला उत्तर लिहून द्यायचे असते, आणि ते मुदतीच्या आत द्यायचे असते. जो वाचतो त्याला मुदत दिसते. आपला सातबारा काढून आणला की त्यात इतर अधिकाराचा रकाना जरूर वाचावा. संपादनाची काही नोंद पडली असेल तर ती तेथे सापडते.

आपल्याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात मोठा विमानतळ करायचे ठरले आहे. त्यासाठी सात गावांच्या जमिनींचा प्रश्न निघाला, आणि 2025 साली तेथल्या गावकऱ्यांनी मोजणीलाच विरोध केला. विमानतळ हवा की नको, यावर माणसांची मते वेगळी असतील. पण आपल्या जमिनीचे काय चालले आहे हे कळण्याचा हक्क दोन्ही मतांच्या माणसांना सारखाच आहे.

बारामतीच्या तळाचे पुढे काय झाले तेही पाहा. 2009 साली सरकारने पाच तळ एका खासगी कंपनीला भाड्याने चालवायला दिले. बारामती, लातूर, नांदेड, यवतमाळ आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. करार होता 95 वर्षांचा. 2009 मध्ये 95 मिळवले की 2104 होतात. आपले पणतू म्हातारे होतील इतका लांबचा हिशेब! पण एवढे कुठले टिकायला? पुढे बारामतीचा तळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी या सरकारी कंपनीकडे आला. कागदावरची वर्षे आणि जमिनीवरची वर्षे यांचा मेळ बसतोच असे नाही.

"मग आम्हाला तिकीट काढून बसता येतं का?" हा पुढचा प्रश्न. नाही. बारामतीहून अशी रोजची विमानसेवा चालत नाही. शिकाऊ विमाने, कारखानदारांची आणि पुढाऱ्यांची विमाने, एवढीच वर्दळ. कारण सरळ आहे. एस.टी.त ज्याला भारमान म्हणतात, ते विमानालाही लागते. 70 आसनांचे विमान असले तर रोज निदान 40-50 माणसे बसायला हवीत, तीही जाताना आणि येताना. पुण्याचा विमानतळ इथून दोन-अडीच तासांवर. तेव्हा बारामतीत थांबून विमानाची वाट कोण बघणार? लहान गावांना विमान परवडावे म्हणून केंद्र सरकारने 2016 साली उडान नावाची योजना काढली. काही आसनांचे दर बांधून द्यायचे आणि कंपनीची तूट सरकारने काही काळ भरून द्यायची, अशी ती योजना. त्यातून काही ठिकाणी सेवा टिकली, काही ठिकाणी सुरू होऊन बंद पडली.

आपल्या शेजारच्या सोलापूरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तेथे तळ जुना, पण विमाने येईनात. उतरण्याच्या वाटेत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी होती. एका बाजूला शहराला विमान हवे. दुसऱ्या बाजूला हजारो शेतकऱ्यांचा कारखाना. वर्षानुवर्षे भांडण चालले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी 15 जून 2023 रोजी ती चिमणी पाडली. लांबून बघणाऱ्या कितीतरी सभासदांच्या डोळ्यांत पाणी आले असेल. त्यानंतर बरोबर दोन वर्षे जवळ आली तेव्हा, 9 जून 2025 रोजी, सोलापूरहून गोव्याला विमान सुटू लागले. यात कोणाचे चुकले हे आम्ही सांगत नाही. पण ऊस पिकवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की विमानाची वाट कुंपणापाशी संपत नाही. ती आपल्या घरांवरून, झाडांवरून, चिमण्यांवरून जाते. तळाच्या भोवती कुणी उंच बांधायचे म्हटले तर परवाना घ्यावा लागतो तो याचसाठी.

आता आम्हाला एक दुःखाची गोष्ट सांगायची आहे. ती न सांगता हा पाठ पुरा होणार नाही.

28 जानेवारी 2026. सकाळची वेळ. मुंबईहून आलेले एक लहान जेट विमान बारामतीला उतरत होते. त्यात महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री अजित पवार होते. पहिल्या खेपेस विमान न उतरता वर निघून गेले. दुसऱ्या खेपेस 11 आकड्याच्या टोकाकडे येताना ते पट्टीजवळ कोसळले आणि पेटले. अजित पवार आणि त्यांच्याबरोबरचे चौघे, कुणीच वाचले नाही. त्या दिवशी बारामतीत चुली पेटल्या नाहीत, असे म्हणतात ते आम्हाला खरे वाटते.

अपघात का झाला हे ठरवणे चौकशी करणाऱ्यांचे काम. पारावर बसून निकाल देणे बरे नव्हे. पण त्या निमित्ताने एक गोष्ट साऱ्या राज्याला कळली. त्या दिवशी या तळावर सरकारी नियंत्रण कक्ष नव्हता. मोठ्या तळावर उंच मनोऱ्यात बसून शिकलेली माणसे विमानांशी रेडिओवर बोलतात. येथे वारा किती, दूरवर दिसते किती, हे विमानशाळेतली माणसे सांगत. धुक्यात पट्टी दिसली नाही तरी रेडिओच्या लहरींनी उतरण्याची वाट आखून देणारी यंत्रे असतात, तीही येथे नव्हती. अशा तळावर वैमानिकाने आपल्या डोळ्यांनी पट्टी बघून उतरायचे असते. नजरेने उडायचे तर साधारण 5 किलोमीटर दूरचे दिसावे असा नियम आहे. त्या सकाळी सुमारे 3 किलोमीटर दिसते असे वैमानिकाला कळवले होते, असे सरकारने नंतर सांगितले.

धुके आपल्याला नवे नाही. माघात पहाटे कालव्याकाठच्या उसातून निघालो तर समोरचा बैल दिसत नाही. एस.टी.चा ड्रायव्हर अशा वेळी गाडी हळू घेतो, वाटल्यास बाजूला लावतो. विमानाला बाजू नाही. हळू केले तर ते पडते. त्याला एकच मोकळीक असते. वर निघून जायचे आणि दुसऱ्या तळावर उतरायचे. त्यासाठी वैमानिकाला खालून खरी आणि वेळेवर माहिती मिळावी लागते.

आम्हाला राहून राहून गावातल्या हापशाची आठवण येते. हापसा बसवताना नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढे वायसर झिजला की बदलायला कुणी येत नाही, आणि बाया पुन्हा विहिरीवर. धावपट्टी बांधली की ती सर्वांना दिसते. हवामान बघणारा माणूस, रेडिओवरचा माणूस, दिवे, आग विझवणारी गाडी, कुंपणाची राखण, हे उद्घाटनाच्या दिवशी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आणि विमाने थोडी येतात म्हणून एवढा खर्च कशाला, असेही कुणीतरी म्हणतेच. पण वर्षाला एकच विमान उतरले तरी त्यातली माणसे जिवंत माणसेच असतात.

तळ सांभाळण्यात आसपासच्या गावांचाही थोडा वाटा आहे. मेलेले जनावर माळावर उघडे टाकायची आपली जुनी सवय आहे. त्यावर घारी-कावळे जमतात. एवढासा पक्षी उडत्या विमानाच्या इंजिनात गेला तर इंजिन बंद पडू शकते. म्हणून विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापायला आणि पक्षी जमतील अशी घाण टाकायला कायद्याच्या नियमाने मनाई आहे. जनावर मेले तर खोल खड्डा करून पुरावे. कुंपणाला भगदाड दिसले तर शेरडे आत घालायची वाट म्हणून बघू नये, ग्रामपंचायतीला कळवावे. हिरवे गवत आत खूप दिसते, हे खरे. आमच्याबरोबरच्या एका काकूंची नजर तिकडेच होती.

आणि विमान आपल्याच रानात आले तर? अशी वेळ आलेली आहे. 25 जुलै 2022 रोजी बारामतीहून एकटीने उडालेल्या एका शिकाऊ मुलीचे विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात कोसळले. तिला दुखापत झाली, पण ती वाचली. 2023 च्या ऑक्टोबरातही चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने बारामतीजवळ पडली. तेव्हा हे माहीत असलेले बरे.

विमान पडले की माणसे धावतात. धावावेच. पण बिडी-काडी विझवून धावावे, कारण लहान विमानात पेट्रोलसारखेच पेट घेणारे तेल असते. आग नसेल आणि आतला माणूस हलवण्याजोगा असेल तर त्याला लांब काढावे. आग असेल तर जवळ जाऊ नये. पोरांना आणि गर्दीला मागे सारावे. विमानाचा एकही तुकडा उचलून घरी नेऊ नये. कोणता तुकडा कुठे पडला, यावरूनच चौकशी करणाऱ्यांना कारण सापडते. आणि लगेच 112 हा नंबर फिरवावा. गाव सांगावे, वस्ती सांगावी, शेताचा गट नंबर पाठ असेल तर तोही सांगावा, आणि मोठी गाडी आत यायला कोणती वाट आहे तेही सांगावे.

परत येताना टेम्पोत आजींनी आम्हाला त्यांचा गट नंबर दोनदा म्हणून दाखवला. वर्गात आल्यावर सर्वांनी आपापला गट नंबर आणि त्याखाली 112 असे वहीत लिहून काढले. वाचकांनीही लिहावे.